खट् आवाज विंगेतून येतो

आमच्या एका सस्पेन्स नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक प्रसंग होता. रंगमंचावर फक्त टेबललॅम्प चालू. नायिका पाठमोरी उभी राहून फोनवर बोलतेय. मागच्या दारातून तो येतो, कोटाच्या खिशातून हात बाहेर काढतो आणि खट्! दिव्याच्या उजेडात पातं चमकतं. ब्लॅकआउट. पडदा.

मी पंधरा वर्षं नाटकांची प्रॉपर्टी सांभाळली. फोन, चहाचे कप, पिस्तुलं, पत्रं, हार, सगळं माझ्या हातून रंगमंचावर गेलं. पण त्या एका 'खट्'नंतर थिएटरमध्ये जशी शांतता पसरायची, तशी मी दुसऱ्या कुठल्याच प्रसंगात अनुभवली नाही. शिवाजी मंदिरला तर पहिल्या रांगेतल्या एका आजींनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतलेले मी विंगेतून पाहिले आहेत.

तो आवाज चाकूचा नव्हता. डाव्या विंगेत मांडीवर एक जुनी ब्रीफकेस घेऊन मी बसलेलो असायचो. नटाचा हात कमरेच्या वर आला की ब्रीफकेसचा उजवा खटका अंगठ्याने सोडायचा. एवढंच. नटाच्या हातातल्या चाकूचं पातं आधीच उघडलेलं असायचं, कोटाच्या बाहीआड लपवलेलं, आणि त्याला ना धार होती ना टोक.

सुरुवातीला मात्र चाकू खरा होता. दिग्दर्शकांचा तसा आग्रह होता. खोटा चाकू नटाच्या हातात खोटाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य होतं. मी भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोर बाजारात गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझ्यासमोर फडक्यावर तीन चाकू मांडले आणि अर्धा तास मला शिकवलं. तोवर मी, मुंबईतल्या बहुतेकांप्रमाणे, प्रत्येक उघडमिट चाकूला रामपुरीच म्हणत होतो.

रामपुरी हा उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावचा. नवाबांच्या काळापासून तिथे हे काम चालत आलं. त्यातल्या जुन्या चालीच्या चाकूला गरारी असते, म्हणजे पात्याच्या बुडाशी दाते. तो हाताने उघडायचा, आणि उघडताना एकेक दाता अडकत कर्र-कर्र आवाज येतो. भीती घालायची असेल तर त्या आवाजानेच अर्धं काम होतं. बटणाच्या चाकूला मुठीवर कळ असते. आणि तिसरा खरा खटक्याचा, ज्याच्या आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि कळ दाबली की पातं आपोआप फेकलं जातं. हा फरक आपल्या सरकारलाही ठाऊक आहे. दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीदार आणि बटणदार चाकू अशी तिन्ही नावं वेगवेगळी लिहिली आहेत. पातं ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल तर असा चाकू बाळगायला तिथे मनाई. देशभरच्या शस्त्र नियमांत मर्यादा नऊ इंच लांबीची आणि दोन इंच रुंदीची आहे, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की त्याहून लहान चाकू कुठेही चालतो. तसं नाही. उत्तर प्रदेशने १९९० च्या दशकात साडेचार इंचांवरच्या पात्यांवर बंदी आणली आणि खुद्द रामपूरचा धंदा बसला. आज त्या गावाच्या चौकात ६.१० मीटर उंचीचा भला मोठा चाकू उभा आहे, २०२३ साली बसवलेला. तो बनवणारे हात मात्र थोडे उरले आहेत.

मी घेतला तो तिसरा. काळी मूठ, सुटसुटीत, चमकदार पातं. कळ दाबली की असा सुटायचा की हाताला हिसका बसावा. दुकानदाराने विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, "नाटकाला." तो म्हणाला, "मग त्याची धार काढून घ्या." मी घेतली नाही. पहिल्या प्रयोगाची घाई होती.

तिसऱ्या प्रयोगाला तो चाकू नटाच्या खिशातल्या खिशात उघडला. पहिल्या अंकात तो खुर्चीत बसला, खुर्चीचा हात कोटाच्या खिशावर दाबला गेला, कळ दबली. अस्तर फाडून पातं मांडीला लागलं. जखम मोठी नव्हती, पण पँट काळी म्हणून प्रेक्षकांना दिसलं नाही एवढंच. त्याने वाक्य तोडलं नाही. एंट्री संपवून विंगेत आला तेव्हा मी रुमाल बांधला आणि माझेच हात थरथरत होते. चूक पूर्णपणे माझी होती. खटक्याच्या चाकूला कळ अडवणारी एक सरकपट्टी असावी लागते, ती सरकवली की दाबूनही काही होत नाही. या चाकूला ती नव्हती आणि घेताना मी ती पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादरच्या फुटपाथवरच्या धारवाल्याकडे गेलो. सायकलचं चाक पायाने फिरवत बसलेला माणूस. म्हटलं, याची धार काढून टाका आणि टोक गोल करा. त्याने मला परत सांगायला लावलं. चाळीस वर्षं धार लावतोय, म्हणाला, काढायला पहिल्यांदाच कोणी आलं. काम झाल्यावर त्याने पातं स्वतःच्या मनगटावरून फिरवून दाखवलं. नंतर घरी मी स्प्रिंगही काढली. चाकू सुरक्षित झाला आणि मुका झाला. तालमीत वेगवेगळे आवाज करून पाहिले. स्टेपलर फार बारीक, छत्री फार मोठी, दाराची कडी ओळखू येते. शेवटी कार्यालयातल्या एका जुन्या ब्रीफकेसचं कुलूप सापडलं. तेव्हापासून 'खट्' माझ्याकडे आला.

आणखी एक गोष्ट बदलली, आणि तिचं श्रेय एका जुन्या सिनेमाला आहे. आमचा नट हात डोक्यावर उंच नेऊन चाकू धरायचा. मी दिग्दर्शकांना म्हटलं, सर, खटक्याचा चाकू असा धरत नाहीत. हे मला '१२ अँग्री मेन'ने शिकवलं होतं. सिडनी ल्युमेटचा १९५७ चा चित्रपट. बासू चॅटर्जींनी १९८६ साली तोच 'एक रुका हुआ फैसला' म्हणून हिंदीत आणला, त्यामुळे आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला. बारा ज्युरर एका खोलीत बसलेत, वडिलांच्या खुनाचा आळ असलेल्या एका पोराचा निकाल करायचा आहे. पुराव्यातला चाकू अगदी दुर्मीळ आहे, असं सगळे धरून चालतात. मग हेन्री फोंडा उठतो, खिशातून तसाच दुसरा चाकू काढतो, उघडतो आणि पहिल्याच्या शेजारी टेबलात रोवतो. त्याच पोराच्या घराजवळच्या एका गहाणवटीच्या दुकानातून, सहा डॉलरला घेतलेला. खटक्याचा चाकू विकत घेणं बेकायदा आहे, हेही तो तिथेच कबूल करतो. न्यूयॉर्क राज्याने त्यावर १९५४ साली बंदी घातली होती, आणि रेजिनाल्ड रोझने ही कथा टेलिव्हिजनसाठी पहिल्यांदा लिहिली तेही वर्ष १९५४ च.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रसंग. जखम वरून खाली गेलेली आहे. जॅक क्लगमनने केलेला ज्युरर गरीब वस्तीत वाढलेला, त्याने अशा मारामाऱ्या पाहिल्यात. तो चाकू हातात घेऊन दाखवतो की हा असा खालून उघडतो, म्हणून वार खालून वर जातो. वरून मारायचं तर उघडल्यावर मूठ हातात फिरवावी लागेल, त्यात वेळ जातो. एका वस्तूची रचना नीट पाहिली म्हणून एका पोराचा जीव वाचतो. वस्तू सांभाळणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा सन्मान कुठल्या नाटककाराने दिलेला मला माहीत नाही.

आमच्या दिग्दर्शकांनी ऐकलं. नटाचा हात कमरेशी आला. प्रसंग लहान झाला आणि जास्त अंगावर यायला लागला.

त्या चित्रपटाच्या आसपासची वर्षं अमेरिकेत या चाकूच्या भीतीची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर परतणारे सैनिक इटलीतून लांब, सुईसारख्या पात्याचे चाकू घेऊन आले. इटलीत मानियागो नावाचं गाव शतकानुशतकं चाकूंवर जगतं, आपल्या रामपूरसारखंच. नोव्हेंबर १९५० मध्ये एका महिला मासिकात लेख आला, त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'जीव घेणारं खेळणं'. मग रंगभूमी आणि पडदा दोघांनीही हे खेळणं उचललं. 'रेबेल विदाउट अ कॉज'मध्ये १९५५ साली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेबाहेर जेम्स डीन चाकूने लढला. त्या मारामारीसाठी फ्रँक मॅझोला हा खऱ्या टोळीत वावरलेला तरुण सल्लागार होता. सरावात नव्हे, प्रत्यक्ष चित्रीकरणात डीनला पातं लागलं, दिग्दर्शक निकोलस रे यांनी शॉट थांबवला, आणि थांबवल्याबद्दल डीनच त्यांच्यावर चिडला, अशी हकिकत सांगितली जाते. नट रंगात आला की त्याला रक्त दिसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे माझा त्यावर विश्वास बसतो. १९५७ मध्ये ब्रॉडवेवर 'वेस्ट साइड स्टोरी' आलं, त्यातही दोन टोळ्या आणि चाकू. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५८ मध्ये, अमेरिकेच्या संघराज्याने खटक्याच्या चाकूंचा राज्याराज्यांतला व्यापार आणि आयात बंद करणारा कायदा केला. त्या कायद्यात एक ओळ मला फार माणुसकीची वाटते. एक हात नसलेल्या माणसाला तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा खटक्याचा चाकू बाळगायची मुभा त्यात दिली आहे. कारण हा चाकू मुळात आहेच त्यासाठी. एक हात अडकलेला असताना दुसऱ्याने उघडता यावा. झाडात अडकलेल्या छत्रीधारी सैनिकाला दोऱ्या कापता याव्यात म्हणून अमेरिकन सैन्याने महायुद्धात तो दिला होता.

आपल्याकडे 'वक्त' आला १९६५ साली. राजकुमार समोरच्याला शांतपणे सांगतो की चाकू हे मुलांचं खेळणं नव्हे. अख्तर उल इमान यांचा तो संवाद रिक्षावाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना पाठ. अमेरिकेतल्या त्या लेखात आणि मुंबईतल्या या संवादात शब्द एकच आला, खेळणं. फरक इतकाच की त्या संवादानंतर आपल्याकडच्या पोरांना ते खेळणं जास्तच हवंसं वाटलं.

आमच्या नाटकाचा अमेरिका दौरा ठरला तेव्हा आमचा मुका चाकू मुंबईतच ठेवावा लागला. स्प्रिंग काढलेली असली तरी विमानतळावर ते कोणाला पटवायचं? आमच्या सेटवाल्या सुताराने शिसवीचा एक तुकडा कोरून दिला, त्यावर चंदेरी कागद. ब्रीफकेस मात्र नेली. तिकडच्या मराठी मंडळांच्या प्रयोगांत प्रेक्षक तस्साच दचकला.

टेक्सासमध्ये आम्ही ज्यांच्या घरी उतरलो ते गृहस्थ मूळचे सांगलीचे, पेशाने यंत्र अभियंता, आणि त्यांना चाकू जमवायचा छंद. टेक्सासने २०१३ साली खटक्याच्या चाकूवरची राज्याची बंदी उठवली, तेव्हापासून त्यांचा एक ड्रॉवर भरलेला. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी तो उघडला. चाकू कसा निवडावा हे मला त्या रात्री कळलं.

दोन जाती, त्यांनी सांगितलं. एकात पातं बाजूने वळून बाहेर येतं, दुसऱ्यात मुठीच्या तोंडातून सरळ पुढे. सिनेमात दुसरा जास्त दिसतो, कारण तो भयानक दिसतो. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि पिझ्झाचा रिकामा खोका समोर धरून म्हणाले, टोक टेकवून कळ सरकवा. मी घाबरत सरकवली. पातं पुठ्ठ्याला लागलं आणि अर्ध्यात थांबलं, लुळं पडलं. त्यांनी समजावलं की कळीने मागेपुढे होणाऱ्या अशा चाकूत स्प्रिंग पात्याला फक्त सुरुवातीचा धक्का देते, पुढचा प्रवास पातं वेगाच्या जोरावर करतं. वाटेत काही आडवं आलं की ते खुंटीवरून सुटतं, मग ओढून परत बसवायचं. खिशातला धागा, वाळूचा कण, एवढंही पुरतं. पडद्यावर या चाकूने अंगरख्याआरपार होणारे वार मी किती पाहिले होते!

बाजूने उघडणारा त्यांना जास्त भरवशाचा वाटायचा, पण त्यातही ते चार गोष्टी बघायचे. कळ मुठीच्या पातळीच्या आत बुडालेली हवी, वर आलेली नको. अडवणारी सरकपट्टी अंगठ्याला न बघता सापडली पाहिजे. उघडल्यावर पातं पक्कं बसलं पाहिजे, बोटाने हलवून हललं नाही पाहिजे. आणि तीन इंचांहून लांब पातं रोजच्या कामाला कधी लागत नाही. मग मी विचारलं, तुमच्या खिशात यातला कुठला असतो? त्यांनी पँटच्या खिशातून एक साधा घडीचा चाकू काढला. पात्याला गोल भोक, अंगठा त्यात घालून ढकलायचं, बस. स्पायडरको कंपनीने १९८१ मध्ये आणलेली ही युक्ती, खिशाला अडकवायच्या क्लिपसकट. एका हाताने उघडतो, स्प्रिंग नाही, खिशात आपोआप सुटत नाही. "दिवसातून चार वेळा खोकी फोडतो, कधी सफरचंद," ते म्हणाले. "ड्रॉवरमधले बघायला."

हे सगळं मला उपयोगी पडलं ते परत आल्यावर. आमच्या नाटकात एक तरुण नट नवीन आला होता. गडकरी रंगायतनचा रात्रीचा प्रयोग संपवून शेवटच्या लोकलने बदलापूरला जायचा. एकदा कोणीतरी स्टेशनबाहेर त्याचा मोबाइल हिसकावला, धक्काबुक्की झाली. पुढच्या प्रयोगाला मेकअप रूममध्ये मला म्हणाला, "दादा, मला खरा खटक्याचा एक आणून द्या ना. खिशात असला की बरं वाटेल."

मी त्याला नाही म्हटलं नाही. तालमीच्या हॉलमध्ये ये म्हटलं. जमिनीवर खडूने एकवीस फूट मोजले. हा आकडा माझा नाही. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवलं होतं की धावून येणारा माणूस एकवीस फूट सुमारे दीड सेकंदात कापतो. त्या तरुण नटाला एका टोकाला उभं केलं, खिशात आमचा मुका चाकू. दुसऱ्या टोकाला मी, तेव्हा वय बावन्न. म्हटलं, मी येतोय, चाकू काढ आणि कळ दाबल्यासारखं कर. पहिल्या वेळी त्याचा हात खिशातच राहिला. दुसऱ्या वेळी चाकू अस्तरात अडकला. तिसऱ्या वेळी बाहेर आला आणि पडला. मी सांगून येत होतो, उजेड होता, आणि तो तरुण, चपळ, रोज व्यायाम करणारा. आठ वेळा केलं. एकदाही जमलं नाही. आणि त्याला लुटणारे एकवीस फुटांवर नव्हते, दोन फुटांवर होते.

मग बसलो. मी त्याला आमची नाकाबंदीची गोष्ट सांगितली. एका दौऱ्यावर रात्री आमची बस थांबवली होती, गावात मनाई आदेश लागू होता. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली असा आदेश निघाला की चाकू, काठ्या, काहीच घेऊन फिरता येत नाही, आणि मोडला तर कलम १३५. ट्रंकेत आमचा चाकू सापडला. हवालदार सज्जन होते, पात्यावर बोट फिरवून हसले, जाहिरातीचं पोस्टर पाहून सोडलं. तेव्हापासून ट्रंकेत प्रॉपर्टीची यादी आणि संस्थेचं पत्र असतं. पण स्टेशनबाहेर एकट्या पोराच्या खिशात धारदार खटक्याचा चाकू सापडला तर कुठलं पोस्टर दाखवणार? स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये, पण त्याची हद्दही तिथेच लिहिली आहे. बचावाला लागेल तेवढंच, त्याहून जास्त इजा नाही. मोबाइल ओढणाऱ्याच्या पोटात पातं गेलं तर त्या हद्दीचा हिशेब पुढे कित्येक वर्षं कोर्टात मांडत बसावं लागतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी काय करू?" मी म्हटलं, मोबाइल देऊन टाक आणि पळ, आणि ११२ लाव दुसऱ्याच्या फोनवरून. त्याला मी एक पत्र्याची शिट्टी आणून दिली, रेफ्रीची असते तशी. पुढच्या आठवड्यापासून आम्ही बस आधी कल्याण स्टेशनला लावायला लागलो, त्या मार्गावरची पाच-सहा मंडळी एकत्र लोकल पकडायची. निर्मात्यांना डिझेल थोडं जास्त लागलं. त्यांनी तक्रार केली नाही.

खरा चाकू रंगमंचावर आला की काय होतं याचं उदाहरण मला त्या धारवाल्याच्या आधी माहीत असायला हवं होतं, पण ते घडलं नंतर. डिसेंबर २००८ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये शिलरच्या 'मारिया स्टुअर्ट'चा प्रयोग होता. डॅनियल होवेल्स या नटाने प्रसंगात स्वतःच्या गळ्यावर चाकू फिरवला. बोथट चाकूच्या जागी खरा, धारदार आलेला होता. रक्त खरं होतं आणि काही क्षण प्रेक्षकांना ते नाटकच वाटलं. तो वाचला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी ट्रंक उघडून आमच्या चाकूचं पातं पुन्हा एकदा मनगटावर फिरवून पाहिलं.

हौशी संस्थांमध्ये, एकांकिका स्पर्धांत, कॉलेजच्या नाटकांत आजही घरातला किंवा ऑनलाइन मागवलेला खरा चाकू सर्रास वापरतात, कारण तो चांगला दिसतो. तुमच्या संस्थेच्या ट्रंकेत असा चाकू असेल तर पुढच्या तालमीच्या आधी त्याची धार आणि टोक घासून घ्या, स्प्रिंग असेल तर काढा. चांगल्या कानशीने अर्धा तास लागतो. आवाजासाठी जुनी ब्रीफकेस शोधा. तिची दोन्ही कुलपं वाजवून पाहा आणि ज्याचा खटका जास्त कडक, ते वापरा.